माल सोडायचा नाही

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
१२ जानेवारी २०२५

इलियासभाई,

ही चिठ्ठी गाडीच्या कागदांच्या पाकिटात घातली आहे. सरहद्दीवर रक्सौलच्या यार्डात इलियास मिस्त्रींच्याच हातात द्यायची, असं ड्रायव्हरला बजावलं आहे. टायर फुटून तुमचे कान गेल्यापासून फोनवर तुमच्याशी बोलता येत नाही, आणि ऑफिसच्या मोबाईलवरचे मेसेज तात्यासाहेबांचा मुलगा वाचतो. मालकाच्या घरात हे जायला नको.

विश्वजीत काल आपल्या ट्रान्सपोर्टच्या डेस्कवर आला होता. त्यानं नोकरी सोडून जुना ट्रक घेतला, दिवाळीपासून तो आपल्याकडं लावलाय, हे मला माहीत होतं. गाडी ८१४४. पण तो स्वतः समोर काल पहिल्यांदा आला. खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "वहिनी, तात्यासाहेबांनी तुम्हाला इथं बसवलं ते लई चांगलं केलं. कडुबाची वेळच आली होती. त्याला कोण काय करणार?" मग चहा मागितला. मी दिला.

तुम्हाला माहीत असलेलंच पुन्हा लिहिते. दोन वर्षांपूर्वी याच महिन्यात माझ्या नवऱ्याची, कडुबाची, गाडी काठमांडूच्या वाटेवर, दामनच्या जुन्या घाटात बंद पडली. ह्याच खुर्चीत तेव्हा विश्वजीत होता. कडुबानं पहिल्याच दिवशी कळवलं की इन्सुलिन पाच दिवसांचंच आहे. विश्वजीत म्हणाला, पार्ट निघालाय, उद्या पोचतो, कस्टमचं सील आहे, माल सोडायचा नाही. दुसऱ्या दिवशी तेच. आठव्या दिवशी तेच. पार्ट निघालाच नव्हता; त्या बाजूला जाणारी दुसरी गाडी भरेपर्यंत तो इथं गोदामात पडून होता. नवव्या दिवशी केबिनचं दार बाहेरून उघडावं लागलं. ते तुम्हीच उघडलंत.

निघालाय. हा शब्द आमच्या डेस्कवर दिवसातून वीसदा बोलला जातो. कोणाला त्यात खोटं बोलल्यासारखं वाटत नाही.

दोन वर्षांत मी हे काम शिकले. कोणती गाडी चढाला तापते, कोणती उताराला ब्रेक सोडते, कोणत्या टप्प्यात मिस्त्री मिळत नाही, सगळं रजिस्टरमध्ये आहे. गाडी बंद पडू नये म्हणून मी रस्ता ठरवून देते. ती बंद पडावी म्हणूनही तो ठरवता येतो.

मला तो मेलेला नकोय. मला नऊ दिवस हवेत. त्याच घाटात, त्याच थंडीत, रोज एकदा "पार्ट निघालाय" ऐकत.

८१४४ तुमच्या यार्डात दोनदा येऊन गेली. तिचं दुखणं काय आहे, ते मला लिहा.

सरिता


रक्सौल
२२ जानेवारी २०२५

सरितावहिनी,

सलाम. तुमची चिठ्ठी वाचून मी दोन दिवस खिशात ठेवली. मग जाळली. तुम्ही माझी जाळा.

वहिनी, हे नका करू. कडुबा माझ्यासंगं शहागंजच्या गॅरेजात पाना धरायला शिकला. त्याला मी घाटातून खाली आणलं, ते माझ्या डोळ्यांसमोरून अजून हटत नाय. त्याच्या मांडीवर मोबाईल होता आणि कंबरेला गाडीची चावी बांधलेली. इथं बदली मी मागून घेतली, ती याच्यासाठी की पुन्हा कोणाला पार्टासाठी बसायला लागू नये. आता तुम्ही म्हणता, मीच कोणाला तरी बसवू.

पण तुम्ही विचारलं, तर खोटं कसं लिहू.

८१४४ चा वॉटर पंप गळतो. थेंब थेंब. त्याला मी दोनदा बोललो, तो म्हणाला, चालतंय तोवर चालू दे. दोन्ही ट्रिपा त्यानं स्वतःच मारल्या. हेटौड्याहून नारायणघाट-मुग्लिनचा लांबचा रस्ता धरला तर ती गाडी वर्षभर चालेल. रस्ता त्यामानानं सपाट, जागोजाग ढाबे, पाणी ओतायला लोक थांबतेत. जुन्या घाटानं पाठवली तर एकच चढ. दामन ओलांडायच्या आत नाय तर पुढच्या दहा-पंधरा किलोमीटरमंदी पंप हात टेकणार.

त्याच्या गाडीचा पंप माझ्या फळीवर एकच आहे.

दर जुम्म्याला मी कडुबाच्या नावानं दुआ मागतो. गेल्या जुम्म्याला मागताना मधेच विश्वजीतचं तोंड आलं आणि मी काय मागत होतो तेच विसरलो. म्हणून सांगतो, नका करू.

तुमचा
इलियास


गारखेडा
३ फेब्रुवारी २०२५

इलियासभाई,

तुम्ही नका म्हणालात, आणि त्याच कागदावर सगळं लिहूनही दिलंत. मी दोन्ही वाचलं.

८१४४ परवा वाळूजहून निघेल. दुचाकीचे सुटे भाग, काठमांडू. रस्त्याच्या कागदावर मी जुना घाट लिहिला आहे. कारणाच्या रकान्यात लिहिलं, लांबच्या रस्त्यावर दरड काढण्याचं काम चालू, दोन दिवस वाचतील. काम खरंच चालू आहे, पण गाड्या सोडतात. तात्यासाहेबांनी सही करताना नुसतं "वाचतील ना दोन दिवस?" एवढंच विचारलं. मी होय म्हटलं.

  घरी येऊन मेथी निवडली, मेघाचा कॉलेजचा डबा घासला, तिच्याशी परीक्षेबद्दल बोलले. ती म्हणाली, "आई, आज तू किती शांत आहेस." दोन वर्षांत मला पहिल्यांदाच गाढ झोप लागली. चांगल्या बाईला अशी झोप लागते का, मला माहीत नाही.

तुम्ही एवढंच करा. पंप फळीवरून काढून मागं ठेवा. विचारलं तर नाही म्हणा. बाकीचं मी बोलेन. काय बोलायचं ते मला पाठ आहे.

सरिता


रक्सौल
१४ फेब्रुवारी २०२५

सरितावहिनी,

तुम्ही म्हणाला तस्संच झालं. दामनच्या पुढं बारा किलोमीटर, १२ तारखेला दुपारी. नुसता पंप नाय गेला. गाडी तापलेली असताना तशीच पुढं रेटली, तर इंजिनाचं हेड फुटलं. आता पंप लावून चालायचं नाय. हेड तुमच्याकडून यायला पाहिजे. काठमांडूत त्या इंजिनाचं मिळंना.

दहा तारखेला ८१४४ यार्डात आली, तेव्हा मी तिथं नव्हतो. मुद्दाम नव्हतो. सकाळीच बाजारात जाऊन बसलो. त्याचं तोंड बघितलं असतं, तर माझ्या हातांनी पंप बदलून टाकला असता. यार्डाच्या मुन्शीला म्हणलं, ती गाडी आली तर कागद बघ आणि जाऊ दे, मिस्त्री नाय म्हण.

आता तुमचे नऊ दिवस चालू झाले. आजचा तिसरा. वर रात्री पाणी गोठतंय. वरून उतरलेल्या एका सरदारजीनं मुन्शीला सांगितलं, त्यानं मला लिहून दाखवलं, ८१४४ चा माणूस टायरच्या आडोशाला चूल मांडून बसलाय, कोणी काय दिलं तर घेतो, मागत नाय.

विश्वजीत मागत नाय, हे वाचून मला नवल वाटलं.

पंप पोत्यात गुंडाळून तेलाच्या डब्यांमागं ठेवलाय. येता-जाता तिकडं बघायचं टाळतो. असं तर चोरीचा माल ठेवणाराच करतो, वहिनी.

इलियास


गारखेडा
२२ फेब्रुवारी २०२५

इलियासभाई,

मुन्शीकडून तुम्हाला निरोप मिळाले आणि तुम्ही लगेच वर गेलात. पण त्यात अर्धंच होतं. उरलेलं आता ऐका.

१७ तारखेला, सकाळी साडेअकराच्या सुमारास, एक बाई डेस्कसमोर येऊन उभी राहिली. पाचोडहून एस.टी.नं आलेली. पदरात सांज्याच्या पोळ्यांचा डबा. म्हणाली, "म्याडम, ८१४४ कुठंय? आमच्या ह्यांचा चार दिवस झालं फोन नाय. मालक म्हनतेत डेस्कला इचारा."

मी म्हटलं, "कोणाचा फोन नाही?"

"आमच्या ह्यांचा. गोकुळ. ह्या बारीलाच लागलेत ते त्या गाडीवर. मालकाला पाठीचा तरास व्हता, म्हनून."

इलियासभाई, आमच्या डेस्कवर माणसाचं नाव कुठंच नसतं. ८१४४ तापली, ८१४४ उभी आहे, ८१४४ ला पार्ट पाहिजे. विश्वजीतचा फोन रोज यायचा. तो म्हणायचा, "वहिनी, गाडी उभीच आहे, जरा बघा ना." मी समजत होते, तो घाटातून बोलतोय. मागं वाऱ्याचा आवाज यायचा, तो त्याच्या गच्चीवरचा होता. ड्रायव्हरचं नाव गेटच्या वहीत असतं. गेट माझ्या टेबलापासून तीस पावलांवर आहे.

तिचं नाव मोनिका. वय तिशीच्या आत. मी तिच्याकडं बघत होते आणि माझ्या तोंडातून निघालं, "काळजी करू नका. पार्ट निघालाय."

मी विचार करून बोलले नाही. ते आपोआप आलं, जसं त्याचं येत असणार.

तिनं पदर नीट केला आणि म्हणाली, "मग बरंय." तिथल्या बाकावर बसली. दोन वर्षांपूर्वी मीही त्याच बाकावर बसले होते, आणि मलाही बरं वाटलं होतं. मी उठले, बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं आणि परत येऊन तिला खरं सांगितलं. पार्ट निघालेला नाही, गाडी मी चुकीच्या रस्त्यानं पाठवली, आणि आजच्या आज तुझा नवरा खाली येईल. चुकीच्या म्हटलं. मुद्दाम म्हणायची हिंमत झाली नाही. तुम्हाला सांगते, तिला नाही सांगू शकले.

त्यानंतर मुन्शीला फोन केला. तुम्ही वर पोचेपर्यंत मी फोनजवळून हलले नाही. गोकुळ ताप आणि सुजलेल्या पायांवर निभावला, आता हेटौड्याच्या दवाखान्यात आहे, हे तुमच्या मुन्शीनं कळवलं तेव्हा मोनिका रडली नाही. डबा उघडून माझ्यापुढं ठेवला.

आता पुढचं. त्याच संध्याकाळी मी विश्वजीतला बोलावलं. म्हटलं, "ड्रायव्हर खाली गेला. गाडी तुमची, त्यावर कस्टमचं सील, आणि नियम तुम्हीच मला दाखवलेला. माल सोडायचा नाही. तुम्ही जाऊन बसा."

"वहिनी, मी? माझी पाठ..."

"केबिनमध्ये आडवं होता येतं. कडुबा सहा फूट होता, तोही मावायचा."

 त्यानं हळूच विचारलं, "पार्ट कधी निघंल?"

मी खरं सांगितलं. हेड मिळालेलं नाही. मिळालं की आठ दिवस लागतील, आणि रोज फोन करून मी तुम्हाला खरंच सांगेन. आज निघाला नाही. आजही निघाला नाही. तात्यासाहेबांपुढं हा नियम ठेवला, तेव्हा त्यांना नाही म्हणता आलं नाही. तो काल रक्सौलला उतरला असेल.

मुन्शीकडून निरोप दिलाच आहे, तुम्ही खाली या. त्याला तिथं एकटा राहू द्या. ह्या वेळी खोटं नाही, चुकीचा माणूस नाही, काही नाही. फक्त नऊ दिवस.

सरिता


रक्सौल
६ मार्च २०२५

सरितावहिनी,

सगळं लिहितो. तुम्हाला आवडणार नाय.

विश्वजीत २२ ला दुपारी वर आला. कानटोपी, दोन स्वेटर, नवी रजई. मला बघून म्हणाला, "काय मिस्त्री, तुमी इथं?" मला ऐकू येत नाय, पण त्याचे ओठ मला वाचता येतेत, लई वर्षांची ओळख. मी चावी त्याच्या हातात दिली आणि म्हणालो, केबिनमंदी ड्रायव्हरच्या बाजूला दारावर नखांनी ओढलेल्या रेघा आहेत, सहा. त्या गोकुळच्या. तू तुझ्या पुढं ओढ.

त्याला वाटलं, मी मस्करी करतो.

मी खाली उतरलो नाय, वहिनी. तुमचं ऐकलं नाय. पलीकडच्या वळणावर चहावाल्या बाईच्या झोपडीत राहिलो. मला बघायचं होतं.

पहिल्या दिवशी तो गाडीभोवती फिरला, सील बघितलं, फोटो काढले. दुसऱ्या दिवशी केबिनमधून उतरलाच नाय. तुमचा फोन येऊन गेल्यावर त्यानं दार उघडलं आणि बराच वेळ तसाच पाय खाली सोडून बसला. मला वाटलं, आता उमगतंय याला. खरं सांगतो, मला तेव्हा बरं वाटलं. कडुबाच्या जागी तो दिसत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो चहावालीकडं आला. मला बघून दचकला, मग माझ्या बाजूला बसला. म्हणाला, "मिस्त्री, हितं माणूस बसतो का?" मी म्हणालो, बसला होता एक, नऊ दिवस. तो म्हणाला, "मी त्याला बांधून ठेवलं नव्हतं."

मग त्यानं केबिनला कुलूप लावलं. चावी त्या बाईच्या हातात दिली, तिला म्हणाला, दिदी, जरा नजर ठेवा. आणि खाली जाणाऱ्या बसला हात केला. वहिनी, तो गेला. माल सोडून गेला. सकाळी साडेनऊला.

बाकीच्या दिवसांत गाडीजवळ कोणी नव्हतं. मी फक्त दोन वेळा चक्कर मारली. हेड आलं, मी बसवलं, गाडी काठमांडूला पोचली. सील जसंच्या तसं. माल पूर्ण. घेणाऱ्यानं सही केली, कोणी एक शब्द विचारला नाय.

इथं मी थांबतो. पुढचं लिहायला मला जमंना.

इलियास


गारखेडा
१३ एप्रिल २०२५

इलियासभाई,

तुमच्या चिठ्ठीनंतर महिनाभर मी उत्तर दिलं नाही. मला राग आला होता आणि तो कोणावर आहे, ते कळत नव्हतं.

कडुबावर होता. नऊ दिवस तो ज्याच्यासाठी बसला, त्याला कुलूप लावून चावी चहावालीला देता येते. माल तिथंच राहतो. सील तसंच राहतं. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानं स्वतः करून बघितलं नाही. मी फोटोसमोर उभी राहून त्याला शिव्या दिल्या. मेघानं दाराआडून ऐकलं असावं. मग राग त्याच्यावरून उतरला, आणि जिथं जायचा तिथं, विश्वजीतवर गेला.

तरी विश्वजीतचं मी काहीच केलं नाही. त्याची गाडी कामावरून काढली नाही, तक्रार लिहिली नाही. रजिस्टरमध्ये जे घडलं ते लिहिलं, नेहमीसारखं, एक ओळ, फक्त या वेळी नावानं: "८१४४, दामन घाट. मालक विश्वजीत तिसऱ्या दिवशी कुलूप लावून खाली आले. माल सुरक्षित, सील शाबूत, तक्रार नाही." त्या पानाची झेरॉक्स काढली आणि ड्रायव्हर लोक चहा पितात त्या पत्र्याच्या शेडमध्ये लावली. तात्यासाहेबांचा मुलगा धावत आला. मी म्हटलं, ह्यात खोटं काय आहे ते दाखवा.  संध्याकाळी त्यानं कागद फाडला, सकाळी मी दुसरा लावला. चौथ्यानंतर त्यानं सोडून दिलं, कारण तोवर सगळ्यांना पाठ झालं होतं.

मागच्या आठवड्यात बंगालच्या हद्दीवरून एका ड्रायव्हरचा फोन आला. गिअरबॉक्स गेलेला. म्हणाला, "म्याडम, दोन राती झाल्या. सकाळी विश्वजीत करतो." मला आधी कळलं नाही. मग कळलं. मी म्हटलं, "कर. चावी कोणाकडं देतोस तेवढं कळव."

आता सगळेच म्हणतात. पाय दुखायला लागले, विश्वजीत करतो. पोराचं लग्न आहे, विश्वजीत करून येतो. गोकुळ बरा होऊन दुसऱ्या मालकाच्या गाडीवर लागला, तो तर हसत हसत म्हणतो. तात्यासाहेब डोकं धरून बसलेत. कोणीही दोन रात्रींच्या वर थांबेना, म्हणून पार्ट आता खरंच निघतात. दुसरी गाडी भरायची वाट न बघता.

काल तो आला. ह्या वेळी खुर्ची ओढली नाही, उभाच राहिला. म्हणाला, "वहिनी, पोरांना सांगा ना. ढाब्यावर गेलो की हसतेत. रुद्रपूरला एकानं मला विचारलं, तूच का तो विश्वजीत? माझी पोरगी दहावीला आहे, तिच्या वर्गातल्या एकाचा बाप ड्रायव्हर आहे, त्यानं घरी सांगितलेलं त्या पोरानं तिला ऐकवलं."

मी त्याच्याकडं बघितलं. माझ्या मनात दया आली का, असं तुम्ही विचाराल. पोरीसाठी आली. त्याच्यासाठी नाही. एवढं मात्र सांगते, मी ती आणायचा प्रयत्न केला होता.

म्हटलं, "रस्त्यावर कोण काय बोलतं ते डेस्कच्या हातात नाही. नवव्या दिवसापर्यंत बसला असतात, तर कोणी हसलं नसतं."

 तो म्हणाला, "पुढच्या ट्रिपला जुना घाट द्या. तिकडं कोणी नसतं."

मी कागद पुढं ओढला. इलियासभाई, त्याची गाडी आता तुम्ही चांगली केली आहे, कुठल्याही चढाला जाईल. मी मुग्लिनचा लांबचा रस्ता लिहिला, शिक्का मारला आणि त्याच्या हातात दिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ह्या रस्त्यावर ढाबे जास्त आहेत.

सरिता